एका वेळी एकच डोळा



आपल्या जिल्हा रुग्णालयात मुलांचे डोळे तपासण्यात ज्यांनी आपली बहुतेक सेवा वेचली, ते नेत्रशल्यचिकित्सक गेल्या ३१ मे रोजी सेवानिवृत्त झाले. जन्मतारीख १ जून. ही तारीख आईवडिलांनी सांगितलेली नसून शाळेत नाव घालते वेळी गुरुजींनी दाखलखारिजात लिहिलेली आहे, असे त्यांनी निरोपसमारंभात हसत हसत सांगितले. समोर बसलेल्या आम्हां शिक्षण विभागातील मंडळींपैकी कित्येकांनी माना डोलावल्या. कारण आमच्याही जन्मतारखा तशाच लेखणीतून उतरलेल्या आहेत. "गुरुजींनी एकदा लिहिले की ते आयुष्यभर चालते," डॉक्टरसाहेब म्हणाले, "म्हणून आरोग्यपत्रकावर 'दृष्टी ठीक' असे लिहिण्यापूर्वी मुलाचा एकेक डोळा झाकून पाहत जा."

शाल-श्रीफळ स्वीकारल्यावर त्यांनी केलेली मागणी एवढीच. आपले नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे ते येथे दिलेले नाही. मागणी मात्र आपणां सर्वांपर्यंत पोहोचविणे माझे काम आहे, आणि ते करताना माझ्या हातून झालेली एक चूक सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

१९९८ साली मी एका द्विशिक्षकी शाळेत चौथीचा वर्ग चालवीत होतो. वर्गात एक मुलगा होता. अक्षर वळणदार, पाढे तोंडपाठ, वाचन स्वच्छ. चेंडू झेलताना मात्र त्याचे हात अंमळ उशिरा पुढे येत. आम्ही त्याला धांदरट म्हणत असू. त्या वर्षी आरोग्य तपासणीची पत्रके आली तेव्हा मी मुलांना ओळीने उभे करून फळ्यावरील सुविचार वाचावयास सांगितला. या मुलाने तो घडाघडा वाचला. तोच सुविचार मी सकाळी प्रार्थनेनंतर सर्वांकडून तीनदा म्हणवून घेतला होता, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. पत्रकावर मी 'दृष्टी ठीक' असे लिहिले व खाली सही केली.

नऊ वर्षांनी, २००७ साली, तो सैन्यभरतीस गेला. धावण्यात पुढे आला, उंची भरली, छाती भरली. वैद्यकीय तपासणीत त्याचा उजवा डोळा झाकला, तेव्हा डाव्या डोळ्याने तक्त्यावरील सर्वांत मोठे अक्षर तेवढे त्याला दिसले. त्या क्षणापर्यंत ही गोष्ट त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हती. तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला नाही. कोणते औषध घ्यावे, एवढे विचारावयास आला. मी त्याला घेऊन या डॉक्टरसाहेबांकडे गेलो. तपासून ते म्हणाले की डोळ्यात डाग नाही, मोतीबिंदू नाही, आतल्या पडद्यास इजा नाही. लहानपणापासून डाव्या डोळ्याचा नंबर उजव्यापेक्षा बराच अधिक होता, आणि तो कोणी पाहिला नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी एक चष्मा आणि काही महिने पट्टी, एवढ्याने बहुधा काम झाले असते. चौथीतही काही हाती लागले असते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "गुरुजी, तुम्ही तपासला होता ना? डोळा झाकला होता?"

मी काही बोललो नाही.

या दोषाला मंददृष्टी म्हणतात. बोलीत त्यास 'आळशी डोळा' असेही नाव पडले आहे. परंतु आळस डोळ्याचा नसतो. डोळा प्रतिमा घेतो आणि मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूच्या मागील भागाकडे पाठवितो. पाहण्याचे खरे काम मेंदू करतो आणि ते त्याला शिकावे लागते. मूल जसे ऐकत ऐकत बोलावयास शिकते, तसे ते पाहत पाहत पाहावयास शिकते. दोन डोळ्यांपैकी एकाकडून स्पष्ट आणि दुसऱ्याकडून पुसट चित्र येऊ लागले, अथवा एक डोळा तिरळा असल्यामुळे दोन निरनिराळी चित्रे येऊ लागली, की मेंदू सोयीचे चित्र ठेवतो व दुसरे बाजूला सारतो. डॉक्टरसाहेब पालकांना हे शेतकऱ्याच्या घरातील उदाहरणाने समजावीत. थोरला भाऊ नांगर, पेरणी, बाजार सगळे करतो. धाकट्याला कोणी बैलाला हात लावू देत नाही. धाकटा धडधाकट असतो, पण काम शिकतच नाही. आणि थोरला घर चालवीत असल्यामुळे धाकट्यास काम येत नाही हे गावाला कळतही नाही.

या शेवटच्या वाक्यातच आपली सर्व अडचण आहे. दोन्ही डोळ्यांनी कमी दिसणारे मूल फळ्याजवळ सरकते, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, डोळे बारीक करते. दक्ष शिक्षकाच्या नजरेस ते येते. एकाच डोळ्याने कमी दिसणारे मूल यातले काही करीत नाही. त्याला दुखत नाही, खुपत नाही. जन्मापासून तसेच असल्यामुळे सर्वांना असेच दिसते अशी त्याची समजूत असते. असे मूल वर्गात पहिलाही येऊ शकते. त्याचा चांगला डोळा झाकल्यावाचून हे कळण्यास दुसरा मार्ग नाही.

यासाठी लहान वयच का, याचे उत्तर डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत केलेल्या प्रयोगांतून मिळाले. त्यांनी मांजराच्या लहान पिलाची एक पापणी काही काळ शिवून ठेवली. टाके काढल्यावर डोळा निरोगी होता. परंतु मेंदूतील पेशी त्या डोळ्याकडून येणाऱ्या संदेशास जवळजवळ प्रतिसादच देईनात. मोठ्या झालेल्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला असता मात्र असे नुकसान झाले नाही. या कार्याबद्दल त्यांस १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मनुष्याच्या मुलात हा शिकण्याचा काळ अर्थातच पिलापेक्षा दीर्घ असतो. साधारणपणे सातव्या वर्षाच्या आत उपचार सुरू झाले तर फळ चांगले येते. पुढे ते कमी कमी होत जाते. त्यानंतर काहीच होत नाही असे नव्हे. दहा-बारा वर्षांच्या, क्वचित त्याहून मोठ्या मुलांचीही दृष्टी काही अंशी सुधारल्याचे आढळले आहे. म्हणून पाचवी-सातवीतील मुलास 'आता उशीर झाला' असे म्हणून घरी बसवू नये. पण पहिली-दुसरीचा वर्ग ज्याच्या हाती आहे, त्याच्या हाती या काळाचा उत्तम भाग आहे.

काही शिक्षक म्हणतील की हे काम डॉक्टरांचे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ सालापासून चालू आहे, आणि २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत व दोनदा अंगणवाडीत येते. हे खरे आहे आणि त्या पथकांचे काम मोलाचे आहे. परंतु पथक येते त्या दिवशी कोणती मुले गैरहजर असतात, हे आपणांइतके कोणास ठाऊक? बाजाराचा दिवस असतो, सुगी असते, घरी तान्हे सांभाळावयाचे असते. ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले तर दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती उन्हाळ्यातच परततात. एकेका डोळ्याची तपासणी ज्यांना सर्वांत दुर्लभ, तीच मुले पथकाच्या यादीतून सुटतात. ती शाळेत असतात जून ते ऑक्टोबर; तेव्हा आपली तपासणी त्या अवधीत, शक्य तो जुलैमध्येच झाली पाहिजे.

आता ती कशी करावी ते सांगतो. रीत सोपी आहे, पण तिच्यात चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत.

डोळ्यांच्या तक्त्याची मूळ कल्पना हॉलंडमधील डॉक्टर हेर्मान स्नेलेन यांची, १८६२ सालची. शाळेसाठी आपण इंग्रजी 'ई' या एकाच अक्षराचा, चार दिशांना तोंडे असलेला तक्ता वापरतो, कारण त्यासाठी मुलास वाचता यावे लागत नाही. अक्षराची तीन टोके ज्या बाजूस असतील त्या बाजूस मुलाने आपली तीन बोटे करावयाची. डॉक्टरसाहेब याला तीन बोटांचा खेळ म्हणत, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी फळ्यावर मोठी अक्षरे काढून सबंध वर्गाकडून हा खेळ खेळवून घ्या असे सांगत. खेळ न समजलेले मूल चुकले तर तो डोळ्याचा दोष नव्हे.

तक्त्यावरील ज्या ओळीने आपण चाचणी घेतो तिला ६/९ म्हणतात. निकोप डोळ्याला जे अक्षर ९ मीटरांवरून ओळखता यावे ते मुलाने ६ मीटरांवरून ओळखावे, असा तिचा अर्थ. हे अक्षर सुमारे १३ मिलिमीटर उंचीचे असते. पट्टी लावून मोजून घ्या. ही सूचना विनाकारण नाही. एका शाळेत भिंतीवर लावलेला तक्ता मी मोजला तेव्हा अक्षर जेमतेम ९ मिलिमीटर भरले. मोबाईलवर आलेले चित्र बाजारात छापून घेताना ते लहान झाले होते, आणि त्या वर्षी निम्म्या वर्गाची नावे रुग्णालयाकडे गेली होती. उलट चूक अंतरात होते. ६ मीटर म्हणजे जवळजवळ २० फूट. बाके असलेल्या खोलीत एवढी जागा क्वचितच मिळते, म्हणून व्हरांडा किंवा ओटा निवडावा, टेपने मोजून खडूची रेघ मारावी आणि मुलाच्या टाचा त्या रेघेवर असाव्यात. उजेड तक्त्यावर पडावा. तक्त्याच्या मागे उघडी खिडकी नसावी. तक्ता मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर धरावा. रांगेतील मुलांना तो दिसणार नाही अशी त्यांची बसण्याची व्यवस्था करावी. माझा सुविचार विसरू नये.

प्रथम डावा डोळा झाकून उजवा तपासावा, मग उजवा झाकून डावा. झाकण्याचे काम मुलाच्या बोटांवर सोपवू नये. बोटांच्या फटीतून पाहणे हा मुलांचा स्वभाव आहे, आणि ज्याला एका डोळ्याने दिसत नाही ते मूल फसविण्याच्या हेतूने नव्हे, तर उत्तर यावे म्हणून फट शोधते. जाड पुठ्ठ्याचा तुकडा दुसऱ्या शिक्षकाने किंवा सातवीतील समजूतदार विद्यार्थिनीने धरावा, डोळा दाबला जाणार नाही असा. मुलाने मान वळविली, कलती केली तर थांबून सरळ करावी. आणि दुसऱ्या डोळ्याची पाळी आली की तक्ता फिरवावा, म्हणजे पाठ झालेली दिशा कामास येणार नाही. चष्मा असलेल्या मुलास चष्म्यासह तपासावे. एक डोळा झाकताच जे मूल रडू लागते, पुठ्ठा ढकलून देते, आणि दुसरा झाकला असता शांत राहते, त्याच्या उघड्या राहिलेल्या डोळ्याविषयी संशय धरावा. आपला चालता डोळा कोणी काढून घेतला की लहान मूल असेच वागते.

ज्याला कोणत्याही एका डोळ्याने बहुतेक दिशा खात्रीने सांगता आल्या नाहीत, त्याची दोन-चार दिवसांनी पुन्हा चाचणी घ्यावी. पुन्हा तेच झाले तर ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. रोगाचे नाव आपण लिहू नये. 'डाव्या डोळ्याने ६/९ ओळ दिसत नाही' एवढे पुरे. आपली चाचणी म्हणजे चाळणी आहे, आणि तीही जाड भोकांची. दूरचे स्पष्ट पण जवळचे पाहताना डोळ्यांवर ताण पडतो अशी मुले तिच्यातून सहज निसटतात. तेव्हा मूल चाचणीत उतरले, पण वाचताना डोके दुखते म्हणते, तर त्यासही पाठवावे.

काही मुलांना चाचणीवाचून पाठवावयाचे असते. डोळा तिरळा दिसत असेल तर थांबू नये. थोडा तिरळेपणा भाग्याचा, आणि मोठेपणी तो आपोआप जातो, हे दोन समज आपल्याकडे घट्ट आहेत. दोन्हींपायी मुलांचे डोळे गेले आहेत. बाहुली काळी न दिसता पांढरट दिसत असेल, अंधारात किंवा छायाचित्रात मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमकत असेल, तर त्याच आठवड्यात रुग्णालय गाठावे. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, किंवा डोळ्यातील कर्करोग, जो बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो व वेळीच सापडल्यास मूल वाचते. अशी मुले आपल्या वर्गात नसतात. आपल्या विद्यार्थ्यांच्या पाठच्या भावंडांत असतात, आणि पालकसभेत ती आईच्या कडेवर बसून येतात. संध्याकाळ झाली की अडखळणारे मूल दिसले तर 'अ' जीवनसत्त्वाची उणीव मनात धरावी. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत या जीवनसत्त्वाचे नऊ डोस मिळतात; ते झाले की नाही हे अंगणवाडीताईंच्या नोंदीत सापडते.

मूल सापडले, चष्मा आला, म्हणजे काम संपले असे मी पूर्वी समजत असे. प्रत्यक्षात शाळेचे खरे काम तेव्हा सुरू होते. मंददृष्टीत आधी योग्य चष्मा देतात, आणि तेवढ्याने न भागल्यास चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावतात, म्हणजे धाकट्याच्या हाती नांगर दिला जातो. तास किती, हे डॉक्टर ठरवितात. त्या तासांत मुलाला खरोखरच कमी दिसते. कालपर्यंत नीट वाचणारी मुलगी अडखळते, अक्षर बिघडते, आणि ज्या शिक्षकास कारण माहीत नाही तो तिला रागावतो. त्यात सोबत्यांची चेष्टा. तीन दिवसांत पट्टी दप्तरात जाते व आठवड्यात फेकली जाते.

आपल्याच जिल्ह्यातील एका शाळेत मी पाहिलेली गोष्ट सांगतो. पहिलीतील एका मुलीस पट्टी लागली होती. मुले तिला नको त्या नावाने हाक मारू लागली. बाईंनी कोणास रागावले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गास सांगितले की हिच्या उजव्या डोळ्याला सुट्टी आहे आणि डाव्या डोळ्याचे नाव नुकतेच शाळेत घातले आहे; तो नवा विद्यार्थी आहे, त्याला सांभाळून घ्या. मग त्यांनी हजेरी घेताना मुलीच्या नावानंतर 'डावा डोळा' अशी वेगळी हाक मारण्यास सुरुवात केली, आणि ती 'हजर' म्हणू लागली. काही दिवसांनी वर्गातील इतर मुले आम्हालाही पट्टी हवी म्हणून हट्ट करू लागली. बाईंनी त्या काळात तिला पहिल्या बाकावर बसविले, फळ्यावर मोठे अक्षर काढले आणि पट्टीच्या वेळेत मणी ओवणे, चित्र रंगविणे अशी जवळची कामे दिली. हे सर्व त्यांस कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेले नव्हते.

चष्म्याच्या बाबतीत अडथळा बहुधा घरातून येतो, विशेषतः मुलीच्या. चष्मा लागला तर पुढे स्थळ कसे मिळेल, असे सहा वर्षांच्या मुलीविषयी बोलणारी माणसे मला भेटली आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा आईलाच शाळेत बोलावून मुलीचा चांगला डोळा तिच्यासमोर झाकावा आणि पाचच पावलांवर आपला चेहरा ओळखावयास सांगावा. बहुतेक आया त्यानंतर काही बोलत नाहीत.

जाता जाता खेळाच्या तासाविषयी. दूरचे न दिसणाऱ्या, म्हणजे लघुदृष्टीच्या मुलांची संख्या जगभर वाढते आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर दिला. तीन वर्षांनी अशा मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना, तर इतरांपैकी जवळजवळ ४० टक्क्यांना लघुदृष्टी आल्याचे आढळले. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आपल्या शाळांना अंगण आहे आणि वर ऊन आहे. अभ्यास राहिला म्हणून खेळाचा तास कापणाऱ्या गुरुजींनी ही आकडेवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत लावून ठेवावी, असे मला वाटते.

दरवर्षी तालुक्याहून मागविलेल्या दृष्टिदोषाच्या तक्त्यात कित्येक शाळांचा रकाना 'निरंक' असा भरून येतो. साठ-सत्तर पटाच्या शाळेत खरोखरच एकही मूल नसेल, तर आनंद आहे. माझा अनुभव असा की निरंक लिहिणाऱ्या शाळेत बहुधा ६ मीटरांची रेघ सापडत नाही. यंदा भेटीच्या वेळी मी प्रथम ती रेघ पाहीन. ज्या शाळेने दोन मुले पाठविली आणि दोघेही निकोप निघाले, तिला कोणी नावे ठेवणार नाही.

निरोपसमारंभानंतर डॉक्टरसाहेबांनी आपल्या खोलीत नेऊन मला त्यांची नोंदवही दाखविली. शासकीय नोंदीखेरीज ही त्यांची स्वतःची, लांब पानांची, हातांनी आखलेली. प्रत्येक मुलापुढे दोन रकाने त्यांनी अधिक काढले होते. 'प्रथम आले तेव्हा वय' आणि 'कोणी पाठविले'. पाच, सहा, सात अशा वयांपुढे बहुतेक ठिकाणी कोण्या शाळेचे, कोण्या बाईंचे, कोण्या अंगणवाडीताईंचे नाव होते. चौदा, सोळा अशा वयांपुढे पालक, किंवा 'स्वतः'. २००७ सालच्या पानावर माझ्या विद्यार्थ्याचे नाव मिळाले. वय अठरा. 'कोणी पाठविले' या रकान्यात त्यांनी लिहिले होते, 'सैन्यभरती'.

ती वही आता त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर आहे. मुलांसाठी त्यांनी मंगळवार ठेवला आहे. चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलास त्या दिवशी रांगेत थांबावे लागणार नाही, असे त्यांनी सांगितले आहे. मोजून छापलेले तक्ते केंद्रशाळेत पोहोचले आहेत. ६ मीटरांची दोरी मात्र प्रत्येक शाळेने आपली आपण मोजून, दोन्ही टोकांस गाठ मारून ठेवावी.